कांद्याच्या चाळीतला उजेड

मुंबईतील एका कला महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी माझे पहिले मोठे तैलचित्र वर्गासमोर भिंतीला टेकवून ठेवले. आमच्याकडे त्या तासाला ‘क्रिट’ म्हणत. दर दुसऱ्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ईझल आणि डाँकी, म्हणजे बसून चित्र काढायची बाकडी, बाजूला सरकवून एक भिंत मोकळी केली जाई, चार-पाच जणांची कामे लावली जात आणि वर्गातील बावीस मुले, एक-दोन शिक्षक आणि कधी बाहेरून आलेला एखादा चित्रकार अर्धवर्तुळात बसून त्यांवर बोलत. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आलेल्या आम्हा मुलांना चित्राला मिळणारी श्रेणी ठाऊक होती. एका चित्रावर पाऊण तास बोलायचे असते, हे ठाऊक नव्हते.

माझे चित्र कांद्याच्या चाळीचे होते. मी चांदवड तालुक्यातील एका शेतकरी घरात वाढले. उन्हाळी कांदा निघाला की तो चाळीत भरला जातो आणि भावाकडे डोळे लावून पावसाळा सरेपर्यंत राखला जातो. चाळीच्या बाजू बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या असतात, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी ठेवलेल्या असतात आणि तळही जमिनीपासून उचललेला असतो, कारण वारा खालून आणि बाजूंनी खेळता राहिला नाही तर माल टिकत नाही. दुपार कलली की त्या फटींतून ऊन आत येते आणि कांद्याच्या ढिगावर उजेडाचे पट्टे पडतात. एखादे सुटलेले टरफल वाऱ्याने हलले की तेवढ्यापुरते ते तांब्यासारखे लखलखते. मला तो उजेड रंगवायचा होता. तीन बाय चार फुटांच्या कॅनव्हासवर मी पाच आठवडे काम केले, आणि बराचसा वेळ टरफलाच्या कडेवरचा गुलाबीसर तपकिरी रंग न मळता कसा लावायचा, यातच गेला.

पहिलाच मुलगा म्हणाला की हा तुरुंग आहे. त्यापाठोपाठ कोणीतरी शेतकरी आत्महत्यांचा विषय काढला, आणि मग चर्चा तिथून हललीच नाही. पट्ट्या म्हणजे गज, ढीग म्हणजे कर्जाचा डोंगर, कांद्याचे पापुद्रे म्हणजे व्यवस्थेचे थर, असे अर्थ एकामागून एक येत गेले. त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेल्या चित्रकारांनी सगळे ऐकून घेतले आणि विषय गंभीर असूनही हाताळणी फार गोड झाली आहे, असा अभिप्राय दिला. मी उठून सांगू लागले की यात आत्महत्या नाही, मी फक्त उजेड रंगवला आहे. तेव्हा चित्रकाराला काय म्हणायचे होते याला चित्रात स्थान नसते, असे सांगून त्यांनी मला बसायला लावले. त्या रात्री वसतिगृहात मी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझ्या चित्राबद्दल लोक वाईट बोलले, याचे दुःख नव्हते. माझे गाव, माझे आडनाव आणि वर्तमानपत्रात वाचलेल्या बातम्या यांवर ते बोलले होते आणि चित्राकडे त्यांनी नीट पाहिलेच नव्हते, हे मला फार लागले होते.

दोन आठवड्यांनी आमच्या रंगचित्रणाच्या सरांनी तेच चित्र पुन्हा लावायला सांगितले. मी आढेवेढे घेतले, पण त्यांनी आग्रह धरला. या वेळी त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली पंधरा मिनिटे कोणीही अर्थ सांगायचा नाही, ज्यावर बोट ठेवता येईल तेवढेच बोलायचे. आणि मी, म्हणजे जिचे चित्र होते तिने, शेवटपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.

सुरुवातीची काही मिनिटे अवघड गेली. पट्ट्या उभ्या आहेत, कोणी म्हणाले. किती, सरांनी विचारले. मोजल्यावर सतरा निघाल्या. त्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, असे विचारल्यावर सगळे पुढे सरकले आणि लक्षात आले की सतरापैकी चौदा पट्ट्या कॅनव्हासच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कुठेही न तुटता गेल्या आहेत. डावीकडून पाचवी पट्टी मधोमध तुटलेली आहे आणि सगळ्यांत मोठा उजेड तिथूनच येतो, हे एका मुलीने दाखवले. ढीग उजव्या बाजूला उतरता आहे. सावल्यांत निळा आहे, पण तळाशी तो काळपट झाला आहे. माणूस नाही, जनावर नाही, टोपली नाही, तराजू नाही. आपण चाळीच्या आत आहोत की बाहेर, यावर थोडा वाद झाला, कारण काहींनी आतापर्यंत आपण बाहेरून पाहतो आहोत असेच धरले होते. मग उजेड आपल्याकडे येतो आहे आणि पट्ट्यांची आपल्याकडची बाजू अंधारात आहे, म्हणजे पाहणारा आत आहे, हे सर्वांनी मान्य केले.

त्यानंतर मागे बसलेला, एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा उठून चित्रापाशी आला. त्याने ढिगाच्या माथ्यावरून एक बोट आडवे फिरवले आणि म्हणाला, “नजरेची पातळी फार खाली आहे. ढीग कमरेएवढाच असेल, पण आपण त्याच्याकडे खालून वर पाहतो आहोत. बघणारा एक तर जमिनीवर बसलाय, नाहीतर तो लहान मूल आहे.”

मला न बोलण्याची अट होती हे बरेच झाले, कारण मला बोलता आले नसते. मी पाच-सहा वर्षांची असताना आई-वडील चाळीत कांदा निवडत बसत, मोड आलेला आणि सडका बाजूला काढत, आणि मी कोपऱ्यात गोणपाटावर बसून त्या पट्ट्यांकडे पाहत असे. चित्र काढताना ही आठवण माझ्या मनात नव्हती. मी सुट्टीत जाऊन चाळीचे फोटो काढले होते, ते उभे राहून काढले होते, आणि तरीही कॅनव्हासवर क्षितिजरेषा लहान मुलाच्या डोळ्यांपर्यंत खाली आणली होती. मला काय म्हणायचे आहे ते मला पक्के ठाऊक आहे, असे ठासून सांगणारी मी, माझ्याच चित्रातली ही गोष्ट दुसऱ्याने दाखवेपर्यंत पाहू शकले नव्हते.

सरांनी शेवटी तुरुंगाचा मुद्दा स्वतःच पुन्हा काढला आणि चौदा अखंड पट्ट्यांकडे बोट दाखवले. कॅनव्हासच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटता गेलेली काळी उभी रेघ गजासारखी वाटणारच, ते म्हणाले. त्या मुलाने गज पाहिले ते चूक नव्हते, पण गजांवरून आत्महत्येपर्यंत तो ज्या वाटेने गेला ती वाट चित्रात नव्हती. मला हा भेद तेव्हा पहिल्यांदा कळला. माझ्या उजेडाइतकाच त्याचा तुरुंगही चित्रात होता, आणि तो मीच, नकळत, सपाट चपट्या ब्रशने रंगवला होता.

यानंतर वर्षभर आमच्या वर्गातील क्रिट याच क्रमाने चालले. हा क्रम सरांचा स्वतःचा नव्हता. वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मग मूल्यमापन, ही एडमंड फेल्डमन या अमेरिकी कलाशिक्षकाची मांडणी आता जगभर शिकवली जाते, आणि पुस्तकात वाचली तर ती अगदी शाळकरी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवर थांबणे किती कठीण आहे हे भिंतीसमोर बसल्यावरच समजते, कारण अर्थ मनात आला की डोळा थकल्यासारखा होतो आणि पाहणे तिथेच सुटते. एकदा सरांनी हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या त्या प्रसिद्ध जलरंगचित्राची छापील प्रत लावली, चित्रकाराचे नाव झाकले आणि लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक जणांनी ते राजा रविवर्म्याचे म्हणून ओळखले आणि मग पुराणातील नायिका, लक्ष्मी, विरहिणी असे लिहीत गेले. ते चित्र सावळाराम हळदणकरांचे आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे, १९४० नंतरच्या दशकातले आहे, म्हणजे रविवर्मा १९०६ साली वारल्यावर कितीतरी वर्षांनी झालेले आहे, आणि त्यासाठी हळदणकरांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली होती. नाव चुकले यात फार बिघडले असे सरांना वाटत नव्हते. त्यांना खंत याची होती की ज्योतीला आडोसा करणाऱ्या हाताच्या बोटांच्या कडा आतून उजळल्यासारख्या तांबूस दिसतात, हे बावीसपैकी फक्त तिघांनी लिहिले होते, आणि हळदणकरांनी सारे कसब तर तिथे पणाला लावले होते.

हे सगळे समजले असे वाटत असतानाच माझ्याकडून जी चूक झाली ती मला सविस्तर सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्याने आपल्या चित्रावर अन्याय केला हे सांगणे सोपे असते.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात एका वर्गमित्राने हाफ इम्पिरियल कागदावर एका घरातील भिंत रंगवून आणली होती. भिंत धुरकट पिवळी होती आणि तिच्या मधोमध एक आयत उजळ, जवळजवळ कोरा होता. वर एक खिळा, त्याला सुतळीचा तुकडा. बाजूला विजेचा बोर्ड, त्याच्या आजूबाजूला बोटांचे काळे डाग. इतकी वर्षे तिथे असलेली तसबीर काढल्यावर मागे राहणारा तो उजळ चौकोन मी ओळखला आणि बोलू लागले. घरातले कोणीतरी गेले आहे, आणि जिवंत असताना ज्याचा फोटो भिंतीवर होता त्याचा आता फक्त आकार उरला आहे, असे मी म्हणाले. मला ते फार खरे वाटत होते. माझा आवाजही थोडा भरून आला होता आणि दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. सरांनी शांतपणे विचारले, “मृत्यू कुठे दिसतो ते दाखव.” मी उजळ आयत दाखवला. “ती तसबीर काढलेली दिसते. मृत्यू कुठे?” मी पुन्हा आयतच दाखवला.

मग कोणीतरी चित्राच्या डाव्या कडेला, अगदी खाली, कडेने कापलेल्या एका करड्या वळणावर बोट ठेवले. ते बादलीच्या कडीचे टोक होते. त्याखाली फरशीवर पाच-सहा पांढरे थेंब होते, जे मी कागदाचा पोत समजून सोडून दिले होते. भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्यावर एक पांढुरका हात मारलेला होता, रुंद कुंच्याचा, एकच. दिवाळीच्या आधीची रंगसफेदी चालू होती. तसबिरी उतरवून आतल्या खोलीत ठेवल्या असणार, आणि तासाभरात तो उजळ चौकोन चुन्याखाली झाकला जाणार होता.

मित्र काही बोलला नाही, कारण त्याची पाळी शेवटी होती. पाळी आल्यावर तो एवढेच म्हणाला की त्यांच्या घरी चुना मारायच्या आदल्या घटकेला तो चौकोन दिसतो आणि तो तिथे असतो हे बाकी वर्षभर कोणाच्या लक्षातही नसते. मी चुकले होते, आणि पूर्ण चुकले नव्हते. त्या चौकोनात काहीतरी नसल्याची जाणीव आहेच, ती मी उगाच आणली नव्हती. पण कारण मी माझ्या पदरचे जोडले होते आणि ते जोडल्यामुळे बादली, थेंब आणि कुंच्याचा हात, या तीन गोष्टी माझ्यासाठी चित्रातून नाहीशा झाल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात आमची अभ्याससहल अजिंठ्याला गेली. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर सगळेच थांबतात आणि आम्हीही थांबलो, पण मला आठवते ते सोळावे लेणे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या या विहारात एक चित्र आहे, जे एकोणिसाव्या शतकापासून ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ओळखले जाते. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईचे विद्यार्थी बरोबर घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा या चित्रातील करुणेने ते भारावून गेले होते. उशीवर टेकलेला हात, खाली झुकलेली मान, मिटत आलेले डोळे, मागून सावरून धरणारी दासी, पंखा घेतलेली दुसरी; असे दृश्य पाहिल्यावर मृत्यूखेरीज दुसरे काही सुचणे अवघडच आहे.

पण त्याच प्रसंगात एक माणूस मुकुट घेऊन उभा आहे. तो मुकुट ज्यांनी कथेशी जोडून पाहिला त्यांना हे चित्र वेगळे दिसले. ही नंदाची पत्नी सुंदरी आहे. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा उतरवलेला मुकुट घरी आला आणि तो पाहून ती कोसळली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या काव्यात याच नंद-सुंदरीची कथा आहे, आणि आज अभ्यासक या चित्राची ओळख साधारणपणे अशीच देतात. ती मरत नाही. तिचा नवरा जिवंत आहे आणि तो परत येणार नाही.

त्या अंधुक उजेडात मी बराच वेळ उभी राहिले. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या भिंतीसमोर वर्षे घालवली होती, रेषा न् रेषा उतरवली होती, म्हणजे त्यांनी पाहिले नाही असे कोण म्हणेल? दुःख त्यांनी अचूक पाहिले. मला माझ्या वर्गमित्राची बादली आठवली. शेजारी उभ्या असलेल्या सरांना मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मग काही वेळाने ते म्हणाले, की कथा ठाऊक नसती तर आपल्याला मुकुट दिसूनही त्याचे काय करावे हे समजले नसते, म्हणून नुसते डोळे पुरत नाहीत, वाचावेही लागते. मी त्यांच्या ‘आधी पाहा’चा अर्थ तोपर्यंत जरा जास्तच सोपा करून घेतला होता.

अमूर्त चित्रांच्या वेळी या पद्धतीची खरी कसोटी लागली. तिथे बादली नसते आणि मुकुटही नसतो. वर्गात कोणी मोठा निळा कॅनव्हास लावला की शांती, अनंत, अध्यात्म हे शब्द आपोआप निघत. आम्ही मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जात असू आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कामांबद्दल बोलत असू. त्यांना आपली चित्रे ‘अमूर्त’ म्हटलेली आवडत नसत. रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलेले आणि खरवडलेले रंगाचे थर वर्णन करायला घेतले की अध्यात्म बाजूला राहते आणि थराखालून वर येणारा दुसरा थर, कडेला सैल होत गेलेला आकार, मध्यावर साचलेला उजेड, असे बोलायला पुष्कळ सापडते. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मला सैद्धांतिक वादांपेक्षा क्रिटमध्येच अधिक उपयोगी पडली. कुठल्या दोन रंगांत संवाद आहे आणि कुठला तिसरा त्यांना विरोध करतो, हे विचारले की भोंगळ बोलणे आपोआप आवरते.

प्रश्न कसा विचारायचा, हेही शिकावे लागले. “हे इतके काळे का केलेस?” हा प्रश्न वाटतो, पण त्यात काळे जास्त झाले हा निकाल आधीच दिलेला असतो, आणि समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. लिझ लेर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास जी अभिप्रायपद्धती बसवली तिच्यात मत न मिसळलेल्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र टप्पा आहे, आणि चित्रकारानेही स्वतःचे प्रश्न विचारावेत असे तिच्यात अपेक्षित आहे. आम्ही शेवटच्या वर्षी ते करून पाहिले. “अंधाराची पातळी ठरवताना तू कशाकडे पाहत होतास?” असे विचारले की समोरचा क्षणभर थांबतो, चित्राकडे वळतो आणि बहुधा खरे उत्तर देतो.

अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात मी चाळीचे ते जुने चित्रही लावले, नव्या पाच चित्रांच्या रांगेत पहिले. त्यातील पट्ट्यांना मी हात लावला नव्हता. चौदाच्या चौदा अखंड राहू दिल्या होत्या. उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी वडील गावाहून आले. ते कलादालनात याआधी कधी आले नव्हते. चप्पल बाहेर काढायची का, असे त्यांनी दारात विचारले, आणि मग आत येऊन पहिल्याच चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, तुटकी पट्टी पाहिली, वर छताकडे पाहिले, जिथे मी छत रंगवलेच नव्हते. मग ते खाली वाकले आणि ढिगाच्या तळाशी, जिथे सावलीतला निळा काळपट झाला होता तिथे, कॅनव्हासला न टेकवता बोट धरून म्हणाले,

“खालचा थर गेलाय की गं. काजळी धरलीये. कोणत्या सालचा माल हाये ह्यो?”

क्रिटमध्ये दोनदा, आणि नंतर परीक्षकांसमोर, हे चित्र तासन्‌तास पाहिले गेले होते. तळाचा काळा रंग ढिगाला वजन यावे म्हणून मी चढवला होता, आणि सगळ्यांनी तो तसाच घेतला होता. मी वडिलांच्या शेजारी वाकले. काळपट डाग टरफलाच्या आत शिरल्यासारखे दिसत होते आणि त्यांतल्या दोन कांद्यांचे खांदे बसलेले होते, मऊ पडल्यासारखे. ते मीच तसे रंगवले होते.

“अजून वरचा चांगलाय,” वडील म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे न जाता तिथेच उभे राहिले.